परबकाका आणि कोंबडीचं पीस

कोंबडीच्या पिसानं विश्वाचं गूढ तपासणारा माणूस मी पाहिला आहे, आणि पहिल्याच दिवशी मी त्याला पाणी आणायला पाठवलं होतं.

त्याचं असं झालं. मी नुकतीच बी.एस्सी. झालेली. फिजिक्स, फर्स्ट क्लास. हे मी त्या काळी नाव सांगायच्या आधी सांगत असे. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका छोट्या कारखान्यात 'वैज्ञानिक कामासाठी मुली हव्यात' असं कळलं आणि मी घाटकोपरहून बस पकडून, तोंडाला पावडर फासून, मोगऱ्याचा गजरा माळून तिथे पोचले. खाली चार लेथ घरघरत होते. जिना चढून वर गेले तर एका बंद दारापुढे पांढरी टोपी घातलेला, पन्नाशी ओलांडलेला एक काटकुळा माणूस उभा. कपाळावर गंध, हातात कोंबडीचं पीस. मी ठरवून टाकलं, शिपाई. "अहो, जरा पाणी आणता का? आणि आतल्या साहेबांना सांगा, फिजिक्सच्या मॅडम आल्यात."

त्यांनी पाणी आणलं. मी पिईपर्यंत उभे राहिले. मग ग्लास घेत म्हणाले, "झाला पिऊन? आता हात धू, ती पावडर पूस, आणि गजरो भायर खुंटीक लाव. आतमध्ये ह्या काय चालत नाय."

"आणि साहेब?"

"साहेब कोण नाय. मीच असंय."

हे धाकू परब. आम्ही सगळ्या परबकाका म्हणायचो. मूळ कणकवलीकडचे, राहायला दहिसरला नदीकाठच्या चाळीत. तीस वर्षं परळच्या एका गिरणीत साळखात्यात साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवले. संप झाला, गिरणी बंद पडली, आणि काका रिकामे झाले. आमच्या कारखान्याचे मालक दिवेकर साहेब पूर्वी त्या गिरणीला पितळी सुटे भाग पुरवत. त्यांना हे वरचं काम मिळालं तेव्हा पहिली आठवण काकांचीच झाली. बारीक धागा न तुटू देता सारख्या ताणात ओढायचा, हे ज्याला येतं असा माणूस त्यांना दुसरा माहीत नव्हता.

काम काय होतं ते सांगते. घाबरू नका, मलासुद्धा ते काकांमुळेच कळलं. पितळेच्या पातळ नळ्या, करंगळीपेक्षा बारीक. शेकडो नळ्या शेजारी शेजारी चिकटवून त्यांची एक फळी करायची. प्रत्येक नळीतून बरोबर मधोमध एक तार ओवायची, केसाहून बारीक, सोन्याचा मुलामा दिलेली. एका टोकाला तार पक्की करायची, दुसऱ्या टोकाला छोटं वजन टांगून ताण द्यायचा आणि मग तेही टोक कथलाचा डाग देऊन बंद करायचं. या फळ्या पेटीत भरून जायच्या युरोपातल्या एका प्रयोगशाळेत. तिथे जमिनीखाली एक प्रचंड यंत्र बांधत होते.

अकरा मुली, एक एअरकंडिशनर आणि परबकाका. त्या एअरकंडिशनरसाठी घाटकोपर काय, मी पुण्याहूनसुद्धा आले असते.

काका खोलीत आडवे चालायचे. म्हणजे खेकड्यासारखे, एक खांदा पुढे करून. खोली प्रशस्त होती, वाटेत काही नव्हतं, तरी ते असेच. दोन साच्यांमधल्या चिंचोळ्या गल्लीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला मोकळी जागासुद्धा गल्लीच वाटते. आम्ही त्यांच्या मागून तसंच चालून दाखवायचो. 'आम्ही' म्हणजे मी. बाकीच्या हसायच्या फक्त.

साच्यांच्या खडखडाटानं त्यांचे कान निम्मे गेले होते. हे कळल्यावर मला फार सोयीचं वाटलं. मी लांबच्या टेबलावरून, शेजारी बसणाऱ्या शैलाच्या कानात म्हटलं, "हा म्हातारा फिजिक्समधलं काय शिकवणार गं मला?" काका पंधरा फुटांवरून, मान पुन्हा खाली घालत, म्हणाले, "म्हातारो बहिरो असा बाये, पण आंधळो नाय."

शैला हसून हसून टेबलाखाली गेली. तिला ठाऊक होतं. गिरणीत आवाजामुळे कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठांवरून बोलणं वाचतात. दोन वर्षं मी त्या खोलीत कुजबुजण्याची म्हणून जेवढी वाक्यं बोलले, ती सगळी काकांनी वाचलेली होती. त्यात मला पाहायला आलेल्या तीन स्थळांची सविस्तर वर्णनंही होती.

आता पीस. तार ओवून वजन टांगलं की डाग देण्याआधी काका येत. एका बोटाचं टोक नळीच्या कडेवर हलकेच टेकवत, आणि दुसऱ्या हातातल्या पिसानं बाहेर राहिलेल्या वीतभर तारेला टिचकी मारत. मग डोळे मिटत. ऐकू तर येत नसे, मग हे काय? तर ते बोटानं ऐकत. तार कुठे पिळली असेल, आत नळीला घासत असेल, वजन नीट लोंबत नसेल, तर ती थरथर त्यांच्या बोटाला वेगळी लागे. "ही बोलत नाय. काढ," असं म्हणून पुढे सरकत.

मला हे विज्ञानाच्या विरुद्ध वाटे. ताण मोजायचं यंत्र होतं ना आमच्याकडे! तार कितीदा थरथरते ते सांगणारं, काटा असलेलं, झकास. मग ते यंत्र बिघडलं आणि दुरुस्तीला आठ दिवस गेलं. काका पिसावर काम चालवत राहिले. मी दिवेकर साहेबांकडे तक्रारसुद्धा केली, इंग्रजीत. यंत्र परत आल्यावर मी मोठ्या आशेनं आठ दिवसांच्या सगळ्या तारा तपासल्या. एकच ढिली निघाली. विजयानं धावत काकांकडे गेले, तर ते म्हणाले, "शंभर नि सातवी काय गो? तिच्या शेजारी मी खडूची रेघ मारलेली असा. उद्या काढूची होती."

काकांची दुसरी वस्तू म्हणजे पाटी. शाळेतली, लाकडी चौकटीची. दाराशेजारी हात धुवायच्या नळावर खिळ्याला टांगलेली, आणि खाली दोरीला खडू. तार तुटली, वाकली, हात लागला, घाम पडला, काहीही चूक झाली की जाता-येता पाटीवर नळीचा नंबर लिहायचा. नाव लिहायचं नाही. काका फेरीला आले की नंबर वाचत, ओल्या फडक्यानं पाटी पुसत आणि गुपचूप ती नळी दुरुस्त करून टाकत.

मला हे पहिल्या आठवड्यातच शिकावं लागलं. माझ्या हातून एक तार तुटली. फर्स्ट क्लासच्या हातून तार तुटते कशी? मी तुकडे रुमालात लपवले आणि शेजारच्या नळीत डोकं घातलं. काका आले, रुमालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही. भिंतीकडे बघत म्हणाले, "आमच्या साळखात्यात एक जॉबर होतो, आमचो मुकादम. धागो तुटलो की बोंबलायचो, कोणी तोडलो? कोणी तोडलो? मगे कोण सांगतलो? लोक लपवीत. लपवलेलो एक धागो, नि वार वार कापड वाया. मी जॉबर झालंय तेव्हा सांगितलंय, माका 'कोण' नको. 'खंय' ता सांगा."

खंय, म्हणजे कुठे. त्या दिवसापासून माझे नंबर पाटीवर सगळ्यांत जास्त असत. पण कुणाचे ते कुणालाच कळत नाही, याचा मला मोठा आधार होता.

ज्या संशोधन संस्थेनं हे काम दिलं होतं तिथून मधूनमधून डॉक्टर वागळे येत. औषधाचे नव्हेत, भौतिकशास्त्राचे. या सगळ्या कामाची जबाबदारी त्यांच्यावर. एकदा आम्हा सगळ्यांना चहाच्या वेळी बसवून त्यांनी यंत्र समजावलं. "समजा, अंधेरीहून बोगदा निघाला. गोरेगाव, मग आरेच्या झाडीखालून भांडुप, तिथून घाटकोपर आणि परत अंधेरी. एवढं मोठं कडं. त्यात इलेक्ट्रॉन एका दिशेनं पळवायचे, आणि त्यांची उलट्या भाराची भावंडं, पॉझिट्रॉन, दुसऱ्या दिशेनं. पुरेसा वेग आला की समोरासमोर आपटायचे."

"आपटले की फुटतात?" शैलानं विचारलं.

"फुटत नाहीत. दोघं नाहीसे होतात, आणि त्यांच्या ऊर्जेतून नवेच कण जन्मतात. त्यातला एक 'झेड'. काही वर्षांपूर्वी तिथल्याच दुसऱ्या यंत्रात तो पहिल्यांदा सापडला. आता तो ढिगानं करायचा आणि नीट अभ्यासायचा."

मी लगेच जगाला माझं ज्ञान दाखवायला तोंड उघडलं, पण काकांनी आधी विचारलं, "तो दिसता कसो, साहेब?"

"दिसत नाही, काका. जन्मतो आणि त्याच क्षणी मोडतो. त्याचे तुकडे चारी बाजूंना उधळतात."

"तुकडे दिसतत?"

"तेही नाही."

"मगे सापडलो म्हणतात कसो?"

मी कपाळाला हात लावला. काय हे अडाणी प्रश्न! डॉक्टर मात्र खूश होऊन पुढे सरकले. "इथेच तर तुमची तार येते. नळीत वायू भरलेला असतो. एखादा तुकडा नळीतून गेला की वायूत बारीकशी खळबळ होते, आणि तारेला विजेचा एक चिमटा बसतो. कुठल्या कुठल्या तारांना चिमटे बसले ते आम्ही लिहून घेतो. तार बिचारी एवढंच सांगते, इथून काहीतरी गेलं. कुठून ते तार सांगते. कोण होतं ते आम्ही मागाहून, वाटेवरून काढतो."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "साच्यात धागो तुटलो की लोखंडी पत्ती पडता आणि साचो थांबता. पत्ती बघायची, की कळता खंय तुटलो. ह्या तसाच. फक्त हंय धागो तुटणा नाय." आणि वागळ्यांकडे बघून हसले, "कोण, ता आपोआप कळता, साहेब. खंय ता नीट कळाक होया."

एवढी वर्षं मी लोकांना कोलायडर, म्हणजे हे कण आपटायचं यंत्र, समजावताना डॉक्टरांचं नाही, काकांचंच वाक्य वापरत आले आहे.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

दसरा जवळ आला. गिरणीतल्या दसऱ्याबद्दल काका भरभरून सांगायचे. साच्यांना झेंडूची तोरणं, खाती धुऊन पुसून लख्ख, बायकापोरं गिरणी बघायला यायची. सांगताना त्यांचा आवाज ओला व्हायचा. पण आमच्या खोलीसाठी त्यांची सक्त ताकीद होती, खंडेनवमीची पूजा खाली लेथवर करा, वर फुलाची पाकळी येता कामा नये. स्वतः काकांनी आपल्या पिसाला आणि पाटीला गंध लावलं, तेही जिन्यात बसून.

मी अर्थातच हसले. शैलाला म्हटलं, "यंत्राला कुंकू? विसाव्या शतकात?"

पण आमची पहिली मोठी फळी तयार झाली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा, आणि चौथ्या दिवशी पेटी निघायची. ती पास झाली तर पुढच्या सगळ्या फळ्यांचं काम आमच्याकडे, नाही तर दुसरीकडे. काकांनी डबा खाताना एकदाच म्हटलं होतं, "एक गिरण गेली. ह्या वयात दुसरी गेली तर माका कोण घेतलो?" ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. खंडेनवमीला पाच वाजता सगळ्या खाली प्रसादाला गेल्या. मी वर एकटी. फळीच्या एका टोकाचं झाकण अजून चिकटवायचं होतं. मी जिन्यातल्या तबकातून हळदकुंकू आणलं आणि आतल्या पट्टीवर, जिथून तारा बाहेर येतात तिथे, बोटभर लावलं. मी डावखुरी. पण पूजेला डावा हात कसा चालेल? म्हणून मुद्दाम उजव्या हातानं लावलं. हात जोडले. पाच मिनिटांत शैला वर आली आणि तिनं त्यावर झाकण चिकटवून टाकलं.

फिजिक्स, फर्स्ट क्लास.

परीक्षेच्या दिवशी डॉक्टर वागळ्यांनी वायू सोडला, व्होल्टेज हळूहळू चढवलं. काटा शून्यावर झोपून राहायला हवा होता. तो उठला. थरथरला. मग वर वर जायला लागला. कुठेतरी वीज गळत होती.

"आत काहीतरी घाण गेलीय," डॉक्टर म्हणाले. "पावडर, तेल, असलं काहीतरी. ओलावा धरतंय. कुठे ते शोधायला एकेक भाग सोडवत बसावं लागेल. आठ दिवस."

"पेटी परवा निघतेय," दिवेकर साहेब म्हणाले. मग त्यांची नजर काकांच्या कपाळावरच्या गंधावर गेली. "काका, परवा खंडेनवमी होती. तुम्ही गिरणीतली माणसं. मोह झाला असेल. स्पष्ट सांगा, वर पूजा केलीत?"

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "तसं असेल तर मला यांना या खोलीत ठेवता येणार नाही, दिवेकर. नाइलाज आहे."

मी काय केलं? मी चष्मा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. एवढी भित्री मुलगी मी नंतर पाहिली नाही, आणि मला स्वतःच्या दोन मुली आहेत.

काकांनी 'मी नाही' असं म्हटलंच नाही. ते म्हणाले, "खोली माझी. म्हणजे चूक माझीच. पण साहेब, एक चहा होऊ दे. सगळी जणां खाली जावा. तुमीपण. एकेक जण हात धुवन जावा." आणि नेहमीसारखं आडवं चालत जाऊन त्यांनी पाटी स्वच्छ पुसली. वळून आम्हा अकराजणींकडे बघितलं, एकीवरही नजर न थांबवता. "माका कोण नको."

एकेक मुलगी नळावर हात धुऊन खाली उतरत होती. मी शेवटची. काका आत फळीकडे तोंड करून उभे होते. लिहिलं, 'डावं टोक, खालून तिसरी पट्टी, हळदकुंकू, बोटभर.' आणि जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरले.

चहा कसा लागला ते मला आजतागायत आठवत नाही. वर गेलो तेव्हा पाटी कोरी होती, ओली होती, आणि काका डाव्या टोकाचं झाकण कापत होते. "खंय ता कळला," एवढंच म्हणाले. दिवेकर साहेब म्हणाले, "कोणी?" काकांचे कान नेमके तेव्हा पूर्ण गेले.

स्पिरिटनं पट्टी पुसली. सहा तारा काढल्या, नव्या ओवल्या. ओवायचं काम काकांनी मला दिलं. सहाही वेळा पीस मारलं, सहाही वेळा डोळे मिटले, आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी व्होल्टेज चढवलं. हजार. त्याहून वर. काटा शून्यावर असा पडून होता, जणू रविवार आहे. डॉक्टरांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला. दिवेकर साहेबांनी खालून भजी मागवली आणि "काका, मी उगाच..." असं तीनदा सुरू करून तीनदा सोडलं. शैला रडली. मी इतकी भजी खाल्ली की रात्री घरी आईनं विचारलं, पोटात काय झालंय.

पुढच्या सगळ्या फळ्या आमच्याकडेच झाल्या. माझं लग्न ठरलं (तीनांतलं एकही स्थळ नव्हे, चौथं), मी मुलुंडला गेले, नोकरी सुटली. काकांशी त्या प्रकाराबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. त्यांनीही नाही.

ऐंशीचं दशक संपता संपता पेपरात आतल्या पानावर बातमी आली. ते यंत्र सुरू झालं होतं. झेड भराभर बनत होते, आणि ते मोडताना मोजून शास्त्रज्ञांना कळलं होतं की न्यूट्रिनो नावाच्या हलक्या कणांच्या जाती तीनच आहेत. मी कात्रण कापलं आणि दहिसर गाठलं.

काका दारापुढे खाटेला नवार विणत बसले होते. निवृत्त झाले होते, पण हाताला ताण हवाच. पट्टी ओढायची, आडवी घालायची, मग बोटानं टिचकी, आणि क्षणभर डोळे मिटायचे. मला बघून म्हणाले, "अगो, फिजिक्सच्या मॅडम! पाणी होया?"

मी बातमी वाचून दाखवली. ओठ स्पष्ट हलवत.

"तीनच?"

"तीनच."

"चौथो नाय? नक्की?"

"नाही, काका. मोजून बघितलंय. आपल्यासारख्याच तारांनी."

"बरां झालां," काका म्हणाले. "शोधूचो त्रास वाचलो."

मग मी धीर केला. लग्न झालेली, कडेवर मूल असलेली बाई, पण आवाज त्या पोरीचाच निघाला. "काका, ते हळदकुंकू... ते मीच लावलं होतं."

त्यांनी नवारीची पट्टी ओढून धरली. "ता माका तेव्हाच ठावक होता."

"कसं? मी तर नावसुद्धा..."

"पाटीवर लिवताना तुझो डावो हात मागून घासत जाय. बाकी दहाजणींचे नंबर स्वच्छ. तुझे नेहमी अर्धे पुसलेले." त्यांनी टिचकी मारली, डोळे मिटले, नवार त्यांना पसंत पडली. "दोन वर्षां तुझी पाटी मी अर्धीच पुसलंय, बाये. अर्धी तूच पुसून ठेवीस."

मी हसायला लागले आणि थांबताच येईना. मूल घाबरून माझ्या तोंडाकडे बघत होतं. दोन वर्षं मला वाटत होतं, मी लपलेय. आणि हा माणूस रोज माझा नंबर वाचून, पुसून, गुपचूप तार बदलून, पुढे सरकत होता.

निघाले तेव्हा काका उठले नाहीत. हातातली पट्टी सुटली असती तर ताण गेला असता. त्यांनी फक्त मान हलवली, तीच, तार नीट बोलली की हलवायचे ती. गल्लीच्या वळणावर मी मागे पाहिलं तर ते पट्टी बांधून खाटेच्या पलीकडच्या बाजूला निघाले होते. अंगण मोकळं होतं, ऊन पडलं होतं, आणि काका एक खांदा पुढे करून, आडवे चालत होते.